मधाच्या नावामागची साखर
अमेरिकेतील आप्तांच्या घरी ‘हनी नट चिरिओज’चा खोका आपण पाहिला असेल. ओट्सच्या या गोड कड्या १९७९पासून तेथील न्याहारीत रुळल्या आहेत. खोक्यावरील घटकसूची मात्र अवश्य वाचावी. प्रथम अख्खे ओट्स. त्यांतील बीटा-ग्लुकन हा तंतू कोलेस्टेरॉल घटविण्यास साहाय्य करतो. दुसरा क्रमांक मात्र साखरेचा. मध त्याच्याही नंतर. ३७ ग्रॅमच्या एका वाढणीत सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर असते. मुलांना दिवसाकाठी २५ ग्रॅमहून कमी साखर वरून मिळावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. म्हणजे निम्मा वाटा सकाळीच संपतो! तेव्हा निम्मे साधे चिरिओज मिसळा, वर केळ्याच्या चकत्या घाला. गोडी राहील, साखर घटेल.