बटरक्रीमची नक्षी: बिघडते कुठे?

‘हातात कला असावी लागते, आपल्याला नाही जमायचं.’ केकवरच्या लाटा, पाकळ्या, टोपलीची वीण पाहिली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. या विषयातला हा सर्वांत मोठा गैरसमज. त्याच्यापायी कितीतरी जण पॅलेट नाइफला हातच लावत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. बटरक्रीमची नक्षी हातावर थोडी आणि तापमानावर पुष्कळ अवलंबून असते.

बटर साधारण 18 ते 20 अंश सेल्सिअसला मऊ असतं, तरी आकार धरून राहतं. बोटाने दाबलं तर खळगा पडतो, पण बोट तुपकट होत नाही. 32 ते 35 अंशांच्या आसपास ते वितळतं. मे महिन्यात नागपूर-जळगावकडच्या स्वयंपाकघरात पारा याच्याही वर असतो. तेव्हा दुपारी काढलेली पाकळी बसकी झाली तर दोष हाताचा नाही. भांडं दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा फेटा, तोच हात नेटकी पाकळी काढेल. नोझलमधून येणाऱ्या कडा फाटक्या दिसल्या तर क्रीम फार घट्ट आहे, कडा बुजू लागल्या तर ते तापलं आहे. पायपिंग बॅग अर्धीच भरावी, कारण तळहाताच्या उबेनेही क्रीम सैल पडतं.

बेकरीतल्या केकवरचं पांढरं क्रीम म्हणजे बटरक्रीम, असंही अनेकांना वाटतं. आपल्याकडे ते बहुतेक वेळा वनस्पती तेलापासून केलेलं व्हिपिंग क्रीम असतं. त्यावर पुन्हा पुन्हा सुरी फिरवली की ते रवाळ होतं. बटरक्रीम मात्र थंड करून कडक करता येतं, खरवडून पुन्हा लावता येतं. त्यामुळे एकासाठीची कृती दुसऱ्याला लावली की निराशाच पदरी पडते.

बटरक्रीममध्येही प्रकार आहेत. अमेरिकन पद्धतीत बटरच्या साधारण दुप्पट वजनाची आयसिंग शुगर पडते आणि अंडं लागत नाही. हवा लागली की त्यावर पातळ पापुद्रा धरतो. म्हणून कंगव्याच्या रेघा किंवा टोपलीची वीण त्यात छान टिकते, पण रेंगाळलात तर भेगा पडतात. स्विस पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग आणि साखर गरम पाण्याच्या भांड्यावर साधारण 71 अंशांपर्यंत तापवून फेटतात आणि मिश्रण थंड झाल्यावर बटर घालतात. त्यावर पापुद्रा येत नाही, त्यामुळे पॅलेट नाइफच्या पाकळ्यांना हेच क्रीम उत्तम. सुरीच्या टोकावर वाटाण्याएवढं क्रीम घ्यायचं, थंड केकवर दाबायचं, हलकेच मध्याकडे ओढायचं, सुरी पुसायची आणि मग पुढची पाकळी. पुसणं टाळलं की कडा मळकट होतात. बटर घातल्यावर हे मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, तेव्हा घाबरून ते टाकून देतात. तसं करू नका. बहुतेकदा ते नुसतं गार पडलेलं असतं. भांड्याला थोडी ऊब देऊन फेटत राहा, मिळून येतं.

उन्हाळ्यात डालडा मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डालडा मुळात दाणेदार असतो, बारीक रेघ त्यात तुटते आणि टाळूला चिकटा बसतो तो वेगळाच. त्यापेक्षा सकाळी लवकर काम उरकावं.

भरपूर फेटलं की क्रीम चांगलं, हे अर्धंच खरं. सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांच्या फेटण्याने बटरचा पिवळेपणा उतरतो. पण अडकलेली हवा पृष्ठभागावर छिद्रं पाडते, म्हणून शेवटी एक-दोन मिनिटं सर्वांत मंद गतीवर फिरवावं. उरलेला पिवळेपणा घालवायला टूथपिकच्या टोकाएवढा जांभळा रंग पुरतो. बटर मात्र बिनमिठाचंच घ्या.

सध्या थरावर थर चढवलेल्या झालरींच्या ‘विंटेज’ केकची चलती आहे आणि ती बटरक्रीमची जुनी कला समजली जाते. ही शैली जोसेफ लॅम्बेथ यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचं पुस्तक 1934 साली आलं. पण ती नक्षी मूळची रॉयल आयसिंगची, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर यांची. ते सुकून कडक होतं, म्हणूनच थरावर थर उभा राहतो. बटरक्रीममध्ये तसं करायचं तर प्रत्येक थरानंतर केक फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. घाई केली की झालर घसरलीच.

महागड्या नोझलच्या संचाचीही गरज नाही. फिरत्या टर्नटेबलवर केक ठेवून चमच्याची पाठ खालून वर नेली की सुरेख वळणं उमटतात, काट्याने उभ्या रेघा येतात.

आणि बटरक्रीम तेलकट लागतं ही तक्रार बहुधा फ्रिजमधून थेट ताटात आलेल्या केकची असते. कापण्याआधी केक अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, मे महिन्यात त्याहून कमी.