उभ्या गाडीचे इंजिन कुरकुरते तेव्हा

सिग्नलला गाडी थांबवावी आणि इंजिनाने थरथरून प्राणच सोडावा! मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. माझी ही फजिती आठवडाभर चालली होती. गॅरेजवाल्याने एक स्क्रू पिळून ‘रेस’ वाढवून दिली. दोन दिवस बरे गेले. मग पेट्रोल जास्त जाऊ लागले नि थरथरही परतली. खरे दुखणे दुसऱ्या मेकॅनिकला सापडले. हवेची एक रबरी नळी चिरली होती!

तुम्ही म्हणाल, ही भानगड आपल्याला कशाला? पण मुलाचा ताप कधी चढतो, हे डॉक्टरांना आपणच सांगतो ना? तसेच हे.

एक्सलरेटरवरून पाय काढला, की तापलेले पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत, मंद गॅससारखे शांत चालायला हवे. सकाळी थंड असताना फेरे थोडे जास्त असतात. ते दुखणे नव्हे.

आता लक्षणे पाहा. थांबताना किंवा एसी लावताच इंजिन बंद पडते? मग हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटलवर काजळी साचली असेल. बहुधा सफाईने भागते. फेरे वरखाली होतात नि बॉनेटखाली ‘स्स्’ आवाज येतो? नळी तपासायला सांगा. ठरावीक तालात धक्के बसतात? स्पार्क प्लग किंवा कॉइलचा संशय घ्या. फेरे चढेच राहतात? इंजिन बंद करून आधी बघा, पायाखालची मॅट पेडलवर तर चढली नाही! समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर तेही सांगा. हल्लीच्या गाड्यांत फेरे संगणक सांभाळतो. तिथे स्क्रू पिळणे हा इलाजच नव्हे.

दोन गोष्टी मात्र जिवाच्या आहेत, बरं का! चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, तर एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक कडक होतो. घाबरू नका, पुन्हापुन्हा सोडू नका. सगळा जोर लावून दाबून धरा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही तपासू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

तेव्हा गॅरेजात नुसते ‘गाडी बंद पडते हो’ म्हणू नका. थंड असताना की तापल्यावर, एसी लावून की न लावता, हे हिशेबाच्या वहीत टिपून न्या. नको ते सुटे भाग बदलण्याचा खर्च वाचेल, आणि भर चौकातली फजितीही!