पाटी हीच समाधी

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला सारे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. आपल्याकडे अनेक गावांत चावडीच्या नाहीतर वेशीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आढळते. त्या लढाईला गावातून किती गेले, किती मेले, एवढेच तीवर बहुधा कोरलेले असते. नावे नाहीत. मराठा पलटणींतील पुष्कळ जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडले. गावात त्यांची समाधी नाही. पाटी हीच समाधी.

फ्रान्समध्ये नव्ह-शापेल येथे ४,७०० वर भारतीय जवानांची नावे कोरली आहेत. २०२३ साली युनेस्कोने त्या युद्धाच्या दफनभूमी व स्मारकांना जागतिक वारसा ठरवले, त्यात हेही आले. आमच्या पाटीवर मात्र चावडीच्या दुरुस्तीत चुन्याचा हात फिरतो!

राज्य संरक्षित स्मारकाचा दर्जा १९६० च्या कायद्याने शासन देते. ग्रामसभेच्या ठरावाने तो मिळत नाही, पण मागणी तिथूनच निघावी. जागा गावठाणातली की कुणाच्या सातबाऱ्यावरची, हे आधी उतारा काढून पाहावे. तंटा तिथेच होतो. ठरावाला फोटो, अक्षरांची नक्कल व जुन्या माणसांकडून मिळालेली नावे जोडून पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवावे. तोवर पाटीला ऑइलपेंट, सिमेंट, ॲसिड लावू नये. स्वच्छ पाणी व मऊ ब्रश पुरे.