चालकाचे वकीलपत्र

आपल्या धान्यपेढ्यांचा सारा व्यवहार मालमोटारींवर अवलंबून आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर रात्रंदिवस धावणाऱ्या या गाड्यांपैकी एखादीवर अपघाताचा प्रसंग केव्हा ओढवेल हे सांगवत नाही. अशा वेळी “गाडीचा विमा आहे, विमा कंपनीचे वकील पाहून घेतील” असा जो समज व्यापारी बंधूंत रूढ आहे, तो चालकाच्या दृष्टीने घातक होय.

अपघातात मनुष्यहानी झाली असता दोन निरनिराळी प्रकरणे उभी राहतात. एक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढील, वारसांच्या भरपाईचे. तेथे विमा कंपनी लढते ती आपल्या देण्यापुरती. दुसरे फौजदारी, आणि त्यात गाडी हाकणारा चालकच आरोपी असतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दल पूर्वीच्या दंडसंहितेत 2 वर्षांपर्यंत कैद होती. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) ने ती 5 वर्षांपर्यंत नेली आहे. या खटल्यात चालकाचा बचाव विमा कंपनीकडे नसतो.

मालकाचा वकीलही सर्वदा पुरेसा नसतो. गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला होता काय, ब्रेक दुरुस्त होते काय, असे प्रश्न निघाले म्हणजे मालकाचे व चालकाचे हित परस्परविरुद्ध होते. म्हणून फी पेढीने द्यावी, परंतु वकील स्वतंत्र असावा व वकीलपत्रावर सही चालकाने समजून उमजून करावी.

अटक झाल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 22 ने दिला आहे. प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणेही बंधनकारक आहे. हा गुन्हा जामीनपात्र असल्याने जामीनदार तत्पर ठेवावा. कोठडीतील निर्धन चालकाला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये मोफत वकील मिळू शकतो. “गुन्हा कबूल करा, दंड भरून मिटेल” हा सल्ला मात्र कदापि मानू नये. दोषसिद्धीने कैद होऊ शकते, आणि परवान्याबरोबर एका कुटुंबाची भाकरीही जाऊ शकते.

वकिलाच्या हाती लवकर द्यावयाच्या वस्तू: बिल्टी, वजनकाट्याची पावती, दुरुस्तीची बिले, घटनास्थळाची छायाचित्रे व साक्षीदारांची नावे. मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल व पंचनामा यांच्या नकला वकिलाने मागाव्यात.

बचाव म्हणजे अपराध झाकणे नव्हे. जखमीला तत्काळ वैद्यकीय साहाय्य देणे हे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 134 ने चालकाचे पहिले कर्तव्य ठरविले आहे. जमाव प्रक्षुब्ध असल्यास त्याने नजीकच्या ठाण्यावर जावे व 24 तासांच्या आत वर्दी द्यावी. अहिंसा हा ज्यांचा धर्म, त्यांना हे निराळे सांगावयास नको. परंतु जखमीविषयीची करुणा आणि चालकाला मिळावयाचा न्याय यांत विरोध नाही. ज्याच्या भरवशावर आपला माल वाटेवर असतो, त्याला न्यायालयात एकाकी सोडणे आपल्या पेढीला शोभणारे नाही.