श्रावणातील आजोळ आणि लेकरांचा अग्नी

श्रावण लागला की जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून शहरांकडे गेलेल्या कुटुंबांना घराची ओढ लागते. कपाशी गुडघ्याएवढी झालेली असते, मूग शेंगांवर आलेला असतो आणि नातवंडांच्या वाटेकडे आजी-आजोबांचे डोळे लागलेले असतात. आम्हीही काही वर्षांपूर्वी असेच सपरिवार राजूरच्या गणपतीचे दर्शन घेऊन भोकरदन तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. थोरला पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. पोहोचलो त्याच रात्री झड लागली आणि ती चार दिवस उघडलीच नाही.

वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो, वात प्रकुपित होतो व पित्ताचा संचय होऊ लागतो, हे आपण सर्वच जाणतो. चरकाचार्यांनी ‘तस्याशितीय’ अध्यायात या काळासाठी जुने यव, गहू व साळीचा भात, यूष आणि तापवून थंड केलेले पाणी सांगितले आहे. नदीचे पाणी व दिवसाची झोप वर्ज्य केली आहे. या पथ्यांचा कागद आमच्या चिकित्सालयाच्या भिंतीवर कायम लावलेला असतो. मात्र आईच्या स्वयंपाकघरात आमची जीभ उचलली गेली नाही. भजी झाली, धपाटे झाले, शेवयांची खीर झाली. दोन घासांच्या मध्ये आणखी एक घास भरवला गेला. पाणी घरच्या विहिरीचे. याच पाण्यावर आपण वाढलो, मग त्यात वावगे काय, असे आम्हीही मनात म्हटले. पहिल्या मोठ्या पावसात शेतातले आणि गोठ्यापुढचे पाणी वाहून त्याच विहिरीत उतरते, हे दिसत असूनही आम्ही पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटीला पातळ जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत सहा-सात वेळा झाले. ओढ्याला पूर आल्याने तालुक्याची वाट बंद होती. आमच्या पिशवीत चूर्णे होती, वटी होत्या. क्षारसंजीवनीची पुडी मात्र नव्हती. ती गावातील आशाताईंच्या घरून आणावी लागली. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात ती पूर्ण पुडी कालवून चमच्या-चमच्याने पाजत रात्र काढली. अंगावरचे दूध चालूच ठेवले. आईने भाताची पातळ पेज केली, त्यात किंचित मीठ व जिऱ्याची पूड घातली. पहाटे लेकरू लघवीला झाले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

सकाळी आम्ही चाचरतच पाण्याचा व खाण्याचा विषय काढला. आई म्हणाली, “अरे, हे आधी का नाही सांगितलंस? मी काय लेकरांची वैरीण आहे का?” आणि तिने लगेच चुलीवर पाण्याचे पातेले चढविले. वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल ही भीती आमचीच होती. तिने तर कधी नकार दिलाच नव्हता.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती अशी की, पावसाळ्यात गावी निघणाऱ्या पालकांना औषधांआधी चार गोष्टी सांगाव्यात. पाणी खळखळ उकळून घ्यावे. क्षारसंजीवनीच्या पुड्या सोबत ठेवाव्यात. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून होणारी विषबाधा क्वचित असली तरी घातक असते. सुश्रुताचार्यांनी क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद असे बालकांचे भेद केले आहेत. घरात तिन्ही असतील तर तिघांना एकच ताट वाढू नये. सहा महिन्यांनंतर पूरक आहार सुरू करावा, पण तो मऊ, ताजा आणि भुकेपुरताच असावा. जुलाबात दूध व आहार तोडू नये; बालरोगतज्ज्ञ चौदा दिवस जस्त देण्यास सांगतात, तेही टाळू नये. शौचातून रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी थांबणे, मूल मलूल होणे किंवा काहीच न पिणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

एक सवलत मात्र आनंदाने द्यावी. दिवास्वाप सर्व ऋतूंत ज्यांना चालतो, त्यांत चरकाचार्यांनी वृद्ध आणि बालक या दोघांनाही गणले आहे. चौथ्या दिवशी दुपारी पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आजोबांच्या घोंगडीत धाकटी गाढ झोपली होती. आम्ही कोणालाच उठविले नाही.