आधी पाच, मग सात

शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीचं कोपर मोडलं म्हणून प्लॅस्टर घातलं. आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरांनी फोटो पाहून ते काढायला लावलं. मोडलं काहीच नव्हतं. हाड वाढत होतं. वाढतं हाड मोडल्यासारखं कसं दिसतं, हे बघायला मी पुण्यातल्या एका बालरुग्णालयाच्या एक्स-रे विभागात जाऊन बसलो.

नोंद, पावती, गळ्यातला ताईत काढणं, सगळं पटापट उरकतं. मग टेबलावर आठ महिन्यांचं बाळ किंचाळायला लागतं. शिशाचा ॲप्रन घातलेल्या बापाने त्याचे हात डोक्याशी धरलेले. टेक्निशियनदादांची नजर मात्र बाळाच्या पोटावर. रडता रडता ते क्षणभर थांबतं, मोठा श्वास ओढतं, पोट फुगतं, आणि नेमकं तेव्हा बटण दाबलं जातं. "रडू दे हो, रडणारं पोर श्वास चांगला घेतं." श्वास सोडताना फोटो निघाला तर चांगलं हृदयही मोठं दिसतं आणि नसती धावपळ सुरू होते. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. पण तो श्वास पकडणारा माणूस मला निम्मा डॉक्टर वाटला.

आतल्या अंधाऱ्या खोलीत रेडिओलॉजिस्ट बाईंनी तोच फोटो उघडला. हृदयाच्या वर पांढरी सावली. "थायमस. या वयात असायचीच." विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हीच ग्रंथी 'वाढलेली' ठरवून हजारो बाळांना क्ष-किरणांचे डोस दिले गेले. पुढे त्यांच्यात थायरॉइडच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आढळलं. बालरेडिओलॉजिस्ट जॉन कॅफी यांनी 1945 च्या ग्रंथात या उपचाराला काही आधार नसल्याचं लिहिलं, तोवर कितीतरी बाळं त्यातून गेली होती.

"कोपराचं मात्र पाठच करावं लागतं. 1, 3, 5, 7, 9, 11." लहानपणी कोपराची टोकं कूर्चेची असतात आणि कूर्चा फोटोत दिसत नाही. साधारण या वयांना त्यात हाडाचे सहा ठिपके एकेक करून उगवतात, मुलींत जरा लवकर. वर्ष मागेपुढे होतं, क्रम सहसा नाही. पाचचा ठिपका आतल्या बाजूला सुटा दिसतो. नवख्याला तोच तुटलेला तुकडा वाटतो.

दुपारी सायकलवरून पडलेला एक मुलगा बाहेरच्या सेंटरचा फोटो घेऊन आला. रिपोर्ट 'नॉर्मल'. चिठ्ठीवर वयाचा रकाना कोरा.

"वय काय?"

"आठ पूर्ण," बाप म्हणाला.

बाई पडद्याजवळ सरकल्या. "सात आहे. पाच कुठंय?" 1, 3, 5, 7 असं पुटपुटत त्यांनी पुन्हा मोजलं. पाचच्या आधी सात येत नाही. म्हणजे सातच्या जागी बसलेला ठिपका सात नव्हताच. तो पाच होता, स्नायूने खेचून काढलेला आणि सांध्यात अडकलेला. दुसऱ्या हाताचा फोटो काढून ताडून बघायचं का, असं मी विचारलं. "इथे गरज नाही. उगाच किरण कशाला?"

हाडांच्या डॉक्टरांना फोन गेला: प्लॅस्टरने भागणार नाही, ऑपरेशन लागेल. मग रिपोर्ट सांगायला घेताना बाईंनी पहिल्या ओळीत वय घातलं.