मतभेद आणि भाषाभेद

१९५५ साली बी.बी.सी. नभोवाणीला दिलेल्या मुलाखतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गांधीजींच्या सामाजिक मतांचे परखड खंडन केले. गांधीजी इंग्रजी पत्रात जातिभेदाचे विरोधक व गुजराती पत्रात त्याचे समर्थक दिसतात, हा त्यांचा आक्षेप होता. त्यास केवळ राजकीय रोष मानणे योग्य नव्हे. तो पाठतुलनेने पडताळता येणारा भाषिक दावा आहे. (१९४८ पूर्वी निजामी राज्यात, उर्दू राजभाषेखाली मराठी बोलणाऱ्या गंगाखेडासारख्या गावी भाषाभेदाचे मोल निराळे सांगावयास नको.) मात्र तुलना समकालीन लेखांचीच हवी. १९२१ च्या सुमारास आंतरजातीय विवाहास प्रतिकूल असलेले गांधीजी १९४६ पर्यंत त्याचे पुरस्कर्ते झाले होते. भिन्न वर्षांचे लेख ताडल्यास भाषाभेदाऐवजी कालभेदच हाती लागावयाचा.